बापाचे ताट

आमच्या ठकीने आयुष्यातला पहिला शब्द उच्चारला तो कुकरला उद्देशून. तिसरी शिट्टी झाली, तिने हातातला चमचा खाली टाकला, बोट पुढे केले आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "बाबा!" मी त्या वेळी कुकरच्या शेजारीच उभा होतो, असे माझे म्हणणे. सौ.चे म्हणणे असे की, बोट कुकरकडेच होते. तेव्हापासून आमच्या घरात बाबा पुष्कळ झाले आहेत. छताचा पंखा बाबा आहे. गॅलरीच्या कठड्यावर येणारा कावळा बाबा आहे. सिलिंडर घेऊन येणारा माणूसही बाबा आहे, आणि तो बिचारा हल्ली संकोचून दाराबाहेरच उभा राहतो. या गोतावळ्यात अधूनमधून माझाही क्रमांक लागतो.

ठकी हे तिचे खरे नाव नव्हे, हे सांगायला नकोच. खरे नाव चांगले चार अक्षरी, संस्कृत आणि पत्रिकेत शोभणारे आहे. पण तेरा महिन्यांच्या मुलीला ते अंगापेक्षा मोठ्या झबल्यासारखे होते.

गेली एकवीस वर्षे मी महाविद्यालयात मराठी शिकवतो आहे. वर्णांची उच्चारस्थाने हा माझा हातखंडा विषय. आपली व्यंजने कंठापासून निघतात आणि टाळू, मूर्धा, दात असे मुक्काम करीत ओठांपाशी पोचतात. क-वर्ग आधी, प-वर्ग शेवटी. ठकी तीन महिन्यांची होती तेव्हा पाळण्यात पडल्या पडल्या घशातून "अग्गूं" काढायची. मला वाटले, चला, पोरगी शिस्तीने कंठापासून सुरुवात करते आहे. पण सातव्या महिन्यात तिला ओठांचा शोध लागला आणि मधले सगळे मुक्काम गाळून ती एकदम शेवटच्या स्टेशनावर जाऊन बसली. दिवसभर बाबाबा आणि पापापा.

जगातल्या बहुतेक मुलांचे असेच असते. रोमन याकोबसन या थोर भाषाशास्त्रज्ञाने १९६० साली यावर एक मजेदार निबंध लिहिला. जगभरच्या भाषांतून आईबापांसाठी असलेले हजारावर शब्द त्याच्यापुढे होते. आईच्या शब्दात बहुधा 'म' सारखे अनुनासिक येते आणि बापाच्या शब्दात 'प', 'ब', 'त', 'द' यांसारखे स्फोटक, असे त्यातून दिसते. कारणही त्याने दिले आहे. दूध पिताना मुलाचे ओठ मिटलेले आणि तोंड भरलेले असते. अशा वेळी आवाज निघायचा तो नाकातूनच निघणार. तोच पुढे भुकेचा, आणि भूक भागवणारीचा, शब्द होतो.

मराठीने मात्र जगावेगळेच केले. 'आई' या शब्दात व्यंजनच नाही! दोन मोकळे स्वर, ओठ मिटण्याचे काम नाही. जगात जो 'म' आईच्या वाट्याला येतो तो आपण उचलून मामाला देऊन टाकला. ठकीचा मामा नागपूरला असतो, वर्षातून दोनदा येतो, संत्रा बर्फीचा डबा ठेवतो आणि जातो. त्याच्यासाठी एवढा मान! 'बाबा' मात्र जगाच्या नियमाप्रमाणे ओठांवरच आहे. हे सगळे मी सौ.ला उत्साहाने समजावून सांगितले. ती शांतपणे म्हणाली, "नऊ महिने माझे, जागरणं माझी, आणि सोपं अक्षर तुमचं!" यावर याकोबसनपाशीही उत्तर नसावे. जॉर्जियन भाषेत तर 'मामा' म्हणजे चक्क बाप. तेव्हा मराठी आयांनी फार मनाला लावून घेऊ नये, एवढेच मी म्हणालो.

सौ. बँकेत आहे. साडेनऊला ती निघते, माझे तास बाराला. मधले अडीच तास ठकी आणि मी. माझी आई घरात असते, पण अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी तिचे गुडघे तिला मुलीमागे धावू देत नाहीत. ती खुर्चीवरून हुकूम सोडते. नाचणीचे सत्त्व गुठळ्या न होऊ देता कसे ढवळावे, लाळेरे किती वेळा बदलावे, दुपट्याचे टोक कुठे खोचावे, हे सारे ज्ञान मला या खुर्चीवरून मिळाले.

ठकीला माझ्या पुस्तकांच्या कपाटाचा खालचा कप्पा आवडतो. तिथे दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोश आहे. १९३२ ते १९३८ या काळात निघालेले त्याचे सात विभाग म्हणजे मराठी माणसाच्या चिकाटीचा एक नमुनाच. त्यातला एक जाडजूड विभाग पकडून ठकी प्रथम उभी राहिली. भाषेच्या आधाराने उभे राहणे म्हणतात ते हेच, असे माझ्या मनात आले; तेवढ्यात तिने कोशाचा कोपरा चोखायला घेतला.

चालण्यासाठी आईने माळ्यावरून पांगुळगाडा काढायला लावला. लाकडी, तीन चाकांचा, माझाच. रंग उडाला आहे, पण चाके अजून करकरतात. ती मूळची नव्हेत. मी वर्षाचा असताना एक चाक मोडले, आणि वडिलांनी रात्री सगळे निजल्यावर तिन्ही नवी बसवली, असे आई म्हणाली. दिवसा का नाही? दिवसा आजोबा ओसरीवर असत. वडीलधाऱ्यांसमोर आपले मूल उचलून घेणे, त्याचे लाड करणे, तेव्हा बरे दिसत नसे. वडिलांनी मला कडेवर घेतल्याचे आईला एकदाच आठवते, तेही तापात.

मी ठकीला कडेवर घेऊन राजरोस राजपथावरून हिंडतो. कुणी काही म्हणत नाही; फक्त विचारतात, "नात का हो?" लग्नानंतर तेरा वर्षांनी झालेली मुलगी आणि कानशिलावर पिकलेले केस, लोकांचा तरी काय दोष! "नाही, मुलगी," म्हटले की ते गडबडतात आणि समोरच्या अजिंक्यताऱ्याकडे पाहून हवेविषयी बोलू लागतात. मी मात्र घरी येईपर्यंत मनात गणित घालतो. मी साठीला निवृत्त होईन तेव्हा ही दहावीला असेल. हिला नोकरी लागेल तेव्हा माझी सत्तरी जवळ आलेली. त्यापुढची बेरीज मी करीत नाही. ठकी केस ओढून घराकडे लक्ष वेधते.

या गणिताप्रमाणे घाई करायची तर ती मीच करायला हवी. प्रत्यक्षात घाई बाकीच्यांनाच. येणारा प्रत्येक जण विचारतो, "बोलते का?" शेजारच्या घरातला सव्वा वर्षाचा मुलगा मोबाइलवर पाहून इंग्रजी गाणे म्हणतो, हे मला आठवड्यातून दोनदा ऐकावे लागते. शब्दांवर पोट भरणाऱ्या माणसाने असे म्हणू नये, पण मला वाटते, जरा सावकाशीने येऊ दे शब्द. आज तिच्या भुवया वर गेल्या की कावळा आला आहे, हे मला कळते. खालचा ओठ पुढे आला की झोप, कानाला हात गेला की दात. एकदा तिला 'कावळा' म्हणता आले की कावळा नुसता कावळा होईल; आणि मीही कुकर, पंखा, कावळा यांच्या पंक्तीतून उठून एकटाच बाबा होईन. तो मान मोठा आहे, ठाऊक आहे. पण त्यानंतर ती मला हाक मारील, आणि हाक मारायला लागलेले माणूस दूर जायलाही लागलेले असते. जवळच असलेल्याला कोण हाक मारतो?

ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायात सुरुवातीलाच एक दृष्टान्त आहे. मूल बापाच्या ताटात शिरते आणि त्याच्याच ताटातला घास त्याला भरवू लागते. आणि बाप आनंदाने तोंड पुढे करतो. आपण जाणत्या श्रोत्यांपुढे बोलतो आहोत ते असेच, असे ज्ञानदेवांना सुचवायचे आहे. ही ओवी मी वर्गात अनेकदा शिकवली. विनय, लडिवाळपणा, उपमेचे औचित्य, सगळे फळ्यावर लिहून. परंपरा सांगते की, हा ग्रंथ शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली नेवाशाला सांगितला गेला तेव्हा ज्ञानदेव जेमतेम पंधरा वर्षांचे होते. संसार नाही, मूल नाही, आईबापांचे छत्र गेलेले. मग भरवणाऱ्या मुलापुढे तोंड उघडणारा बाप त्यांनी पाहिला कुठे? सोपान आणि मुक्ता ही पाठची भावंडे. विठ्ठलपंतांच्या ताटात त्यांपैकी कुणी शिरले असेल, आणि बाजूला बसलेल्या मोठ्या भावाने ते पाहून ठेवले असेल, असे आपले मला वाटते.

मधल्या सातशे वर्षांत बापाचे ताट कुठे गेले कोण जाणे. माझ्या वडिलांचे ताट पाटासमोर, रांगोळीच्या आत असे. ते जेवून उठेपर्यंत आम्ही भावंडे स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापलीकडे. त्यांच्या ताटात हात घालण्याची हिंमत मांजरालाही नव्हती. रात्री जागून चाके बसवणारा तो माणूस सकाळी मुकाट्याने एकटा जेवत असे.

परवा रविवारी ठकी माझ्या मांडीवर होती. तिच्यासाठी वेगळ्या वाटीत मऊ भात, वरण, तूप कालवले होते. तिकडे न पाहता तिने माझ्या ताटात मनगटापर्यंत हात घातला, मूठभर वरणभात उचलला आणि माझ्या तोंडाच्या दिशेने आणला. निम्मा हनुवटीवर, थोडा चष्म्यावर, उरलेला तोंडात. मी "आ" केले म्हणून तिनेही "आ" केले. असे चार घास झाले. समोर आई बसली होती. तिने दुसऱ्याच्या ताटातले आयुष्यात कधी खाल्ले नाही. उष्ट्याखरकट्याचे तिचे नियम अजून कडक आहेत. ठकी मांडीवरून उतरली, रांगत निघाली, खुर्चीचा पाय धरून उभी राहिली आणि मुठीत उरलेली शिते तिने आजीपुढे धरली.

"उष्टं आहे गं ते, बाबाचं," आई म्हणाली. एकदा माझ्याकडे, एकदा भिंतीवरच्या फोटोकडे तिने पाहिले, आणि गुडघ्यावर हात टेकून, कण्हत, खाली वाकून तोंड उघडले.