भाडं घेता, तर छतही सांभाळा

अंबरनाथ पूर्वेला आनंदनगर एमआयडीसीतली पाळी सुटली की असंख्य कामगार भाड्याच्या खोल्यांकडे निघतात. त्यातल्या जुन्या खोल्यांत कधी मान वर करून पाहा. वरच्या मोरीची गळती, ओलीने फुगलेला गिलावा आणि एका सरळ रेषेत गेलेली भेग. ती सळईच्याच रेषेत जाते. पाणी मुरलं की सळई गंजते, गंजून फुगते आणि खालचं काँक्रीट ढकलून पाडते. रंगाचा हात मारला तर भेग झाकली जाते, पण आतलं गंजणं थांबत नाही.

शेजारच्या उल्हासनगरात हे किती महागात पडलं, ते आपण पाहिलं आहे. 28 मे 2021 च्या रात्री नेहरू चौकाजवळच्या साईसिद्धी इमारतीत पाचव्या मजल्याचा स्लॅब थेट खालपर्यंत कोसळला. 7 माणसं गेली. त्याच महिन्यात मोहिनी पॅलेसचा स्लॅबही माणसांचे जीव घेऊन गेला होता.

तरीही भाडेकरूने पोपडे दाखवले की मालकाचं उत्तर ठरलेलं: ‘पावसाळा संपू दे.’ जास्त बोललं तर ‘रूम खाली करा.’ या भीतीपोटी माणसं मुलांच्या अंथरुणाची जागा बदलतात आणि गप्प राहतात.

कायदा मात्र गप्प नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 च्या कलम 14 नुसार, करारात वेगळं ठरलं नसेल तर घर राहण्याजोगं दुरुस्त ठेवणं मालकाला बंधनकारक आहे. किमान 15 दिवसांची नोटीस देऊनही वाजवी वेळेत त्याने हात हलवला नाही, तर भाडेकरू स्वतः दुरुस्ती करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो. मात्र एका वर्षात ही रक्कम त्या वर्षीच्या भाड्याच्या एक चतुर्थांशाहून जास्त असता कामा नये. 11 महिन्यांच्या लीव्ह अँड लायसन्सवर राहणारा कायद्याच्या भाषेत भाडेकरू नसतो. पण 1882 च्या सुविधाधिकार कायद्याचं कलम 57 त्याच्या बाजूने आहे. मालकाला ठाऊक असलेला आणि राहणाऱ्याला ठाऊक नसलेला धोकादायक दोष मालकाने सांगितलाच पाहिजे.

दिल्लीत चांदणी चौकातला घड्याळ मनोरा कोसळून माणसं मेली होती; त्या प्रकरणात 1966 साली सर्वोच्च न्यायालयाने मनोऱ्याची मालक असलेल्या महापालिकेला जबाबदार धरलं. दोष दिसत नव्हता, ही सबब चालली नाही. तो निकाल रस्त्यावरून जाणाऱ्यांबाबतचा होता. पण ज्या माणसाकडून दरमहा भाडं घेतलं जातं, त्याच्याबाबत मालकाचं मन याहून कोडगं कसं असू शकतं?

भाडेकरूंनो, तोंडी तक्रारीवर थांबू नका. छताचा फोटो काढा, तारखेसह लेखी कळवा, पोच जपून ठेवा आणि सही करण्याआधी करारातलं दुरुस्तीचं कलम वाचा. उद्या इजा झालीच तर भरपाईच्या दाव्यात मालकाला दोष माहीत होता, हे त्याच कागदावरून दाखवता येईल. आणि घरमालकांनो, पुढचं भाडं घ्यायला जाल तेव्हा आधी छत पाहा. दुरुस्ती हे उपकार नव्हेत, ते तुमचं कर्तव्य आहे.