नवं घर घेण्याआधी

नोकरीनिमित्त जपानला गेलेल्या आपल्या मुलांना टोकियोजवळ सैतामा किंवा चिबाकडे नवं घर घ्यावंसं वाटणं साहजिक आहे. दोन मजली लाकडी घर, दारात गाडीला जागा आणि जाहिरातीत ठळक अक्षरांत लिहिलेलं असतं, 'ऊर्जा वाचवणारं'. या शब्दांना भुलण्याआधी थोडा हिशेब मांडू या.

एप्रिल २०२५ पासून जपानमध्ये प्रत्येक नव्या घराला ऊर्जाबचतीचा किमान दर्जा कायद्यानेच सक्तीचा आहे. त्यामुळे एवढ्यावरून घर खास ठरत नाही. भिंती, छत आणि खिडक्या थंडी-ऊन किती अडवतात, याच्या सात पायऱ्या आहेत. कायद्याला चौथी पुरते. आपलं घर कितव्या पायरीवर आहे, हे विक्रेत्याला स्पष्ट विचारावं. पाचवी किंवा वरची असेल तर चांगलं, कारण २०३० पर्यंत किमान दर्जाच तिथवर नेण्याचं सरकारचं धोरण आहे.

अशा घराचा फायदा खरा आहे. जुन्या जपानी घरांत हिवाळ्यात बसायची खोली तेवढी तापवतात, न्हाणीघर गारठलेलंच राहतं. उबेतून गारठ्यात आणि तिथून कढत पाण्यात उतरताना दरवर्षी कितीतरी वृद्ध दगावतात. नव्या घरात ऊब सगळीकडे सारखी राहते. जानेवारीत फजरच्या वुजूला उठणाऱ्यांना आणि सोबत राहायला आलेल्या अम्मी-अब्बांना याचं मोल सांगायला नको. शिवाय वीज वाया न घालवणं म्हणजे इस्राफ टाळणंच.

आता दुसरी बाजू. जपानमध्ये करासाठी लाकडी घराचं आयुष्य २२ वर्षं धरतात. बाजारातही वीस-पंचवीस वर्षांत इमारतीची किंमत जवळपास संपते, उरते ती जमिनीची. कर्ज मात्र ३५ वर्षांपर्यंत चालतं. 'घर घेतलं म्हणजे पैसा वाढला' हा आपला समज तिथे कामाचा नाही. वाचलेलं वीजबिल व्याजापुढे किती टिकेल, हेही कागदावर मांडून पाहावं.

आणि व्याज हा नुसता पैशाचा प्रश्न नाही. १९९९ मध्ये युरोपियन कौन्सिल फॉर फतवा अँड रिसर्चने बिगरमुस्लिम देशांत राहणाऱ्यांना, दुसरा मार्ग नसेल तर राहण्यापुरत्या एका घरासाठी सवलत दिली. अनेक उलेमांनी ती मान्य केली नाही. तेव्हा 'सगळेच घेतात' हे उत्तर पुरेसं नाही.

आमचं सांगणं एवढंच, की मियां-बीवीने हा प्रश्न घर पाहायला जाण्याआधी जाणत्या आलिमांना विचारून सोडवावा. स्वयंपाकघर एकदा मनात भरलं की मग फतवाही सोयीचाच शोधला जातो. आणि तोवर भाड्याच्या घरात राहावं लागलं, तर त्यात कमीपणा कसला?