खेळांतल्या आगगाडीचा सांधा

आयत्या जोडणीच्या आगगाडीपेक्षां स्वतः तारा जोडलेली आगगाडी मुलांस अधिक शिकविते, असें आमचें मत आहे. गाडीस एका मार्गावरून दुसऱ्यावर नेणारा विजेचा सांधाच पाहा. त्याच्या यंत्रांत बहुधा तारेचीं दोन वेटोळीं असतात. हलत्या रुळांस एक इकडे ओढतें, दुसरें तिकडे. त्यांस प्रवाह क्षणभरच पुरतो. अधिक वेळ राहिल्यास वेटोळें तापून जळतें. म्हणून तेथें दिव्याचें बटण न लावतां, बोट उचलतांच प्रवाह तोडणारी घंटेची कळ लावावी. पालकहो, घरच्या २३० व्होल्टांपासून मुलांस अवश्य दूर ठेवा. पण ट्रान्सफॉर्मरनें उतरविलेल्या १६ व्होल्टांच्या खेळांत एखादें वेटोळें जळालें, तर रागावूं नका. "काय चुकलें?" एवढेंच विचारा. उत्तर शोधणारें मूल त्या वेटोळ्याची किंमत भरून काढील.