मोजायचे काय : मोटारी की माणसे?

राजधानीतील वाहतूक-कोंडी हटविण्याचे आश्वासन म्हणजे आणखी उड्डाणपूल आणि आणखी रुंद रस्ते, असे समीकरण सर्वच पक्षांनी स्वीकारले आहे. केवळ रुंदीने काय साधते, हे दिल्ली-गुडगाव द्रुतगती मार्गाने दाखविले. हा मार्ग 2008 मध्ये खुला झाला. पण हरियाणाच्या सीमेवरील टोलनाक्यावर वाहने तुंबतच राहिली आणि अखेर 2014 मध्ये तेथील वसुली थांबवावी लागली.

याहून बोलके उदाहरण आंबेडकरनगर ते मूलचंद या 5.8 किलोमीटरच्या बीआरटी मार्गाचे. शीला दीक्षित सरकारने एप्रिल 2008 मध्ये तो सुरू केला. मधोमध बसगाड्या, शेजारी मोटारी, कडेला सायकली व पादचारी, अशी ही रचना होती. ती अडखळली चौकांत. मधल्या मार्गिकेतून सरळ जाणारी बस आणि उजवीकडे वळणारी मोटार यांना एकाच वेळी सोडता येत नाही. त्यामुळे सिग्नलचे टप्पे वाढले आणि चिराग दिल्लीच्या चौकात रांगा लांबल्या. ताटकळलेले मोटारचालक मोकळ्या दिसणाऱ्या बसमार्गिकेत घुसू लागले. त्यांना आवरण्यासाठी मार्शल नेमावे लागले. रचनेतील उणिवेने बेशिस्तीला निमंत्रण दिले आणि बेशिस्तीने ती उणीव दुणावली.

उपाय होता तो चौक सुधारण्याचा आणि दंडाचा धाक बसविण्याचा. चर्चा मात्र झाली ती मार्गच मोडीत काढण्याची. हे प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेले. बसमार्गिका रद्द करण्याची मागणी न्यायालयाने ऑक्टोबर 2012 मध्ये फेटाळली. या वादात खरा प्रश्न होता तो मोजमापाचा. पन्नास प्रवाशांची बस आणि एकट्याची मोटार यांना सारखेच एकेक वाहन मानले, तर बसमार्गिका रिकामी भासणारच. माणसे मोजली, तर चित्र पालटते.

न्यायालयात टिकलेला मार्ग राजकारणात मात्र टिकला नाही. आम आदमी पक्षाच्या सरकारने 2015 मध्ये तो हटविण्याचे ठरविले आणि जानेवारी 2016 मध्ये तोडकाम सुरू झाले. त्याच महिन्यात प्रदूषण रोखण्यासाठी याच सरकारने सम-विषम योजना राबवून मोटारमालकांना बस व मेट्रोकडे वळण्याचे आवाहन केले होते! एका हाताने बसचा मार्ग काढून घ्यायचा आणि दुसऱ्या हाताने बसकडे बोट दाखवायचे, असा हा प्रकार होता.

पुण्याने 2006 च्या अखेरीस कात्रज-स्वारगेट मार्गावर असाच प्रयोग आरंभला होता. बसमार्गिकेतील घुसखोरीचा अनुभव पुणेकरांनाही नवा नाही. चालकांच्या बेशिस्तीला दोष देणे सोपे असते. पण शिस्त ही केवळ उपदेशाने येत नाही. ती रस्त्याच्या आखणीत आणि निःपक्ष दंडात रुजवावी लागते. राजधानीच्या सत्तेत 2025 मध्ये पुन्हा बदल झाला. नव्या राज्यकर्त्यांनी पुढच्या उड्डाणपुलाची कोनशिला बसविण्यापूर्वी एवढेच सांगावे : त्या रस्त्यावरून मोटारी न्यायच्या आहेत की माणसे?