कोंबड्यांची जागा बदला

आपल्या खेड्यांतून घरोघर पांच-दहा कोंबड्या असतात आणि त्यांचा संसार एकाच खुराड्याभोंवतीं वर्षानुवर्षें चालतो. पावसाळा लागला कीं पिलें पंख पाडून बसूं लागतात, त्यांस रक्ताची हगवण लागते आणि आठवड्याभरांत डालग्याखालीं एकदोनच उरतात. घरचीं माणसें दृष्टीस किंवा दैवास बोल लावितात. आमच्या मतें हा बोल आपल्या आळसासच लाविला पाहिजे.

ह्या रोगाचे सूक्ष्म जंतु कोंबडीच्या विष्ठेंतून मातींत पडतात व ओल आणि ऊब मिळतांच एकदोन दिवसांत रोग जडविण्यास समर्थ होतात. मोठी कोंबडी ते बाळगूनही धडधाकट दिसते. पिलूं मात्र बळी पडतें. रोज त्याच जागीं चरणारें पिलूं दाण्याबरोबर रोगही टिपतें.

ह्यास्तव परसाचे कूड घालून चार भाग करावे. एका भागांत आठवडाभर कोंबड्या सोडाव्या व बाकीच्या तिहींस विसांवा द्यावा. तेवढ्यांत गवत फुटतें, किडे पुन्हा येतात, ऊन माती वाळवितें आणि विष्ठेचें खत होतें. ताज्या जागेंत आधीं पिलें न्यावीं, मोठ्या कोंबड्या मागाहून.

“एवढी जागा कोठून आणावी?” असें कोणी विचारील. पिलांचें डालगें रोज चार हात सरकविण्यास जागा थोडी लागते. आठवण मात्र लागते.

ह्यानें सर्व दुःखें टळतील असें आम्ही म्हणत नाहीं. संततधारेंत ते जंतु महिनोन् महिने तग धरतात. तेव्हां त्यांची संख्या घटते, नाश होत नाहीं. राणीखेत रोगास लसच टोंचविली पाहिजे. केवळ चरण्यानें पोटही भरत नाहीं. सांजच्या मूठभर दाण्यास पर्याय नाहीं.

तरीही पालकांस आमची विनंति आहे कीं, हें काम मुलांकडे सोंपवावें. आणि विद्यार्थिमित्रहो, पुष्कळ घरीं अंड्यांचा पैसा हाच आईच्या हातचा पैसा असतो. त्यांतूनच आपल्या वह्या येतात. शाळेस निघण्यापूर्वीं तें डालगें सरकविणें, एवढी तिच्या श्रमांची फेड आपल्या हातून सहज होण्याजोगी आहे.