दुसऱ्या दिवशी फेकलेली प्लेट

श्रावणातला एखादा दिवस. पन्नाशीतला मधुमेही शेतकरी, तीन आठवडे ताप, सोनोग्राफीत प्लीहेत दोन-तीन गळवे. सिरिंजमधून पू लॅबमध्ये येतो. ग्रॅम स्टेनमध्ये तुरळक ग्रॅम-निगेटिव्ह दंडाणू दिसतात. दुसऱ्या दिवशी सकाळी ब्लड अगारवर बारीक, गुळगुळीत, लक्षात राहू नयेत अशा कॉलन्या असतात. ऑक्सिडेज पॉझिटिव्ह येते. रिपोर्टवर 'स्यूडोमोनास प्रजाती' असे लिहिले जाते आणि संध्याकाळपर्यंत ती प्लेट ऑटोक्लेव्हच्या पिशवीत गेलेली असते.

तीच प्लेट आणखी दोन दिवस इनक्युबेटरमध्ये राहिली असती, तर कदाचित वेगळेच काही दिसले असते. कॉलन्या मोठ्या होतात, कोरड्या पडतात आणि उन्हात वाळत घातलेल्या पापडाची कड आक्रसावी तशा सुरकुततात. प्लेट दिव्याखाली तिरकी धरल्यास त्या धातूसारखी झाक मारतात. बर्कहोल्डेरिया स्यूडोमलाय हा जिवाणू स्वतःची ओळख अशी उशिरा सांगतो. काही स्ट्रेन तर शेवटपर्यंत गुळगुळीतच राहतात. म्हणून केवळ रूपावर विसंबणे जितके धोक्याचे, तितकेच प्लेटला वेळच न देणे.

या जिवाणूमुळे होणारा मेलिऑइडोसिस हा आपल्याकडचा आजार नव्हे, ही समजूत आता सोडली पाहिजे. आल्फ्रेड व्हिटमोर आणि सी. एस. कृष्णस्वामी यांनी १९११मध्ये रंगूनमधल्या शवविच्छेदनांत हा आजार प्रथम ओळखला. ब्रह्मदेश तेव्हा ब्रिटिश हिंदुस्थानचाच भाग होता. सुरुवातीला तो घोड्यांच्या ग्लँडर्ससारखा वाटला; पण हा जिवाणू हालचाल करत होता आणि साध्या पेप्टोन अगारवर जोमाने वाढत होता. सूक्ष्मदर्शक, प्लेट आणि सावध नजर यांच्या बळावर त्या दोघांनी तो फरक टिपला. स्वतंत्र भारतात पहिल्या नोंदींपैकी एक १९९१मध्ये मुंबईतून प्रसिद्ध झाली. आज उडुपी-मणिपाल, वेल्लोर, पुदुच्चेरी इथल्या लॅबना हा जिवाणू चांगला परिचित आहे. दरवर्षी जगात सुमारे १,६५,००० रुग्ण आणि ८९,००० मृत्यू होत असावेत, असा अंदाज २०१६मध्ये मांडला गेला आणि त्यातले सर्वाधिक रुग्ण दक्षिण आशियात असावेत असे त्यात म्हटले होते. मग उडुपीच्या किनाऱ्यावर तो सापडतो आणि तशीच भातशेती, तसाच पाऊस आणि मधुमेहाचे वाढते प्रमाण असलेल्या सिंधुदुर्गात किंवा गोव्यात तो क्वचितच का सापडावा? या मासिकाला वाटते, उत्तराचा मोठा भाग मातीत नाही, बेंचवर आहे.

निदान चुकण्याची किंमत फार मोठी आहे. फुप्फुसातली सावली पाहून क्षयाची औषधे सुरू होतात आणि महिने जातात. 'रेझिस्टंट ग्रॅम-निगेटिव्ह' समजून कोलिस्टिन दिले, तर या जिवाणूला त्याचा मुळातच प्रतिकार असतो. जेंटामायसिनचीही बहुतेक वेळा तीच गत. सेफ्ट्रिॲक्सोनवर रुग्ण दगावण्याचे प्रमाण अधिक राहते. लागते ते सेफ्टाझिडीम किंवा मेरोपेनेम, शिरेतून किमान दहा ते चौदा दिवस. आणि त्यानंतर किमान तीन महिने को-ट्रायमॉक्साझोल. 'स्यूडोमोनास प्रजाती' एवढाच रिपोर्ट मिळालेला फिजिशियन हे सगळे करणार तरी कशाच्या आधारावर?

ओळख पटवायला महागडी यंत्रणा लागतेच असे नाही. ऑक्सिडेज पॉझिटिव्ह ग्रॅम-निगेटिव्ह दंडाणू मिळाला की तीन डिस्क लावाव्यात : जेंटामायसिन, कोलिस्टिन आणि को-ॲमॉक्सिक्लॅव्ह. पहिल्या दोन्हींभोवती झोन नाही आणि तिसऱ्याभोवती मात्र आहे, असे दिसले की हातातले काम थांबवून विचार करावा. स्यूडोमोनास एरुजिनोसा को-ॲमॉक्सिक्लॅव्हला जुमानत नाही. कोलिस्टिनपुढे मात्र तो बहुधा हार मानतो. बर्कहोल्डेरिया सेपॅशिया सहसा तिन्ही डिस्कना दाद देत नाही. अपवाद आहेत : मलेशियातल्या सरावाकमध्ये जेंटामायसिनला संवेदनशील स्ट्रेन आढळले आहेत. तरीही संशय घेण्यासाठी ही तीन डिस्कची चाचणी पुरेशी आहे. लॅटेक्स ॲग्लुटिनेशन किंवा पीसीआरने खात्री करता येते. ग्रॅम स्टेनमध्ये दोन्ही टोकांना गडद आणि मध्ये फिकट, सेफ्टी पिनसारखा दंडाणू दिसला तर संशय अधिक बळावतो; पण तसा दिसला नाही म्हणून तो सोडून देऊ नये.

स्वयंचलित यंत्रांवरही डोळे मिटून विश्वास ठेवता येत नाही. अनेकदा ती याच जिवाणूला 'बर्कहोल्डेरिया सेपॅशिया' असे नाव देतात. मॅल्डी-टॉफच्या काही डेटाबेसमध्ये त्याचे नमुनेच नसतात, त्यामुळे जवळच्या निरुपद्रवी नातेवाइकाचे नाव छापून येते. समाजात फिरणाऱ्या, रुग्णालयाचा संबंध न आलेल्या रुग्णाच्या गळवातून 'सेपॅशिया' मिळाला, तर तो रिपोर्ट सही करण्याआधी पुन्हा पाहायला हवा. थुंकी, घशाचा स्वॅब, लघवी अशा मिश्र नमुन्यांत इतर जिवाणू याला झाकून टाकतात. त्यासाठी जेंटामायसिन आणि क्रिस्टल व्हायोलेट घातलेले ॲशडाउन अगार उपयोगी पडते. ते लॅबमध्येही बनवता येते. त्यावर या जिवाणूच्या सुरकुतलेल्या जांभळ्या कॉलन्या उठून दिसतात, मात्र प्लेट सात दिवसांपर्यंत रोज पाहावी लागते. शरीराच्या कुठल्याही जागेतून हा जिवाणू मिळाला तर तो 'कंटॅमिनंट' नसतो, हे तरुण तंत्रज्ञांना शिकवतानाच सांगावे.

आणि त्यांनाच आणखी एक गोष्ट निक्षून सांगावी. या जिवाणूच्या प्लेटला मातीसारखा वास येतो, असे जुने लोक सांगतात. तो वास घेऊ नये. संशय येताच प्लेट टेपने बंद करून पुढचे काम सेफ्टी कॅबिनेटमध्येच करावे, उघड्या बेंचवर सस्पेन्शन बनवू नये आणि संपर्कात आलेल्यांची नोंद ठेवावी. गरजेनुसार त्यांना को-ट्रायमॉक्साझोलचा २१ दिवसांचा कोर्स द्यावा लागतो. लॅबमधल्या माणसाची काळजी लॅबच्या प्रमुखाने घ्यायची असते.

लॅब आणि वॉर्ड यांच्यातला संवाद तुटलेला असला, तर यातले काहीच जमणार नाही. फॉर्मवर 'मधुमेह, भातशेती, प्लीहेत गळू' एवढे लिहून आले, तर प्लेट दुसऱ्या दिवशी फेकली जाणार नाही. लिहून आले नाही, तर तंत्रज्ञाने फोन उचलून विचारावे. दोन मिनिटांचे काम आहे.

पावसाळा संपेपर्यंत वाट पाहण्याचीही गरज नाही. गेल्या तीन पावसाळ्यांचे कल्चर रजिस्टर उघडून पाहावे : पू, रक्त, सांध्यातले पाणी, ऑक्सिडेज पॉझिटिव्ह, जेंटामायसिन आणि कोलिस्टिन रेझिस्टंट, को-ॲमॉक्सिक्लॅव्ह सेन्सिटिव्ह. अशा ज्या जिवाणूंचा स्टॉक उणे ८० अंशांच्या फ्रीझरमध्ये जपून ठेवला असेल, ते सेफ्टी कॅबिनेटमध्ये पुन्हा वाढवून संदर्भ प्रयोगशाळेकडे पाठवावेत. जे रुग्ण 'स्यूडोमोनास' म्हणून घरी गेले, त्यांतले काही अजून अधूनमधून ताप येतो म्हणून कुठेतरी औषधे घेत असतील. त्यांचे पत्ते त्याच रजिस्टरमध्ये आहेत.