हमीचे पापुद्रे

नव्या मोटारसायकलच्या इंजिनावरील रंगाचे पापुद्रे हमीच्या मुदतीतच सुटू लागले, तर विक्रेत्याचे उत्तर बहुधा ठरलेले असते : हा हवामानाचा परिणाम, हमीत बसत नाही. हमीपत्रकात असा ऱ्हास अनेकदा वगळलेला असतो, हे खरे. परंतु झीज निराळी आणि सदोष निर्मिती निराळी. इंजिन तापणार, पावसात भिजणार, हे कारखानदारास ठाऊकच असते. धातूवरील तेलकटपणा नीट न काढता दिलेला रंग टिकत नाही, आणि हा दोष खरेदीच्या वेळी ग्राहकास दिसणे अशक्य. मालाची खरी प्रत केवळ विक्रेत्यासच ठाऊक असते तेथे हमी हा ग्राहकाचा एक आधार ठरतो, हे अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० साली मांडले. या आधाराचे मोल गाडीच्या किमतीत आधीच वसूल झालेले असते.

म्हणून ग्राहकाने छायाचित्रे काढून मुदतीतच लेखी तक्रार द्यावी व तिची पोच घ्यावी. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांत, राहत्या जिल्ह्याच्या आयोगाकडे दाद मागता येते. ५ लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीस शुल्कही नाही. हमी कागदावरच ठेवावयाची असेल, तर कारखानदारांनी तिची किंमत तरी घेऊ नये.